जुन्या बाजारातून घरचा स्टुडिओ

लंडनच्या होलोवे रोडवर ३०४ क्रमांकाच्या इमारतीत खाली चामड्याच्या वस्तूंचे दुकान होते आणि वरच्या मजल्यांवर जो मीक भाड्याने राहत होता. ब्रिटिश हवाई दलात रडारची यंत्रे सांभाळलेल्या या तंत्रज्ञाने राहत्या घरातच स्टुडिओ थाटला. वादक खोलीत, गायक न्हाणीघरात, जागा पुरली नाही तर कुणी जिन्यावर. यंत्रे बरीचशी त्याने स्वतः जोडलेली, नाहीतर उघडून हवी तशी बदललेली. १९६२ मध्ये याच घरात ‘टेलस्टार’ ही धून मुद्रित झाली आणि ब्रिटिश बँडची ध्वनिमुद्रिका पहिल्यांदाच अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली.

जमैकातल्या किंग्स्टन शहरात ऑस्बोर्न रडॉक हा रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर होता. जग त्याला किंग टबी म्हणून ओळखते. दुसऱ्या स्टुडिओने काढून टाकलेले चार ट्रॅकचे मिक्सिंग टेबल त्याने सत्तरच्या दशकात विकत घेतले, घरात बसवले, त्यात आपल्या गरजेप्रमाणे फेरफार केले आणि त्यावर ‘डब’ नावाचा संगीतप्रकार घडवला. गाणाऱ्यांसाठी त्याच्याकडेही न्हाणीघरच होते.

या दोघांच्या यशाचे कारण उपकरणांची स्वस्ताई नव्हे. यंत्र उघडल्यावर त्यातला कोणता भाग अजून कामाचा आहे आणि कोणता फेकायचा, हे दोघांना नेमके कळत होते. घरी पॉडकास्ट, कविता, श्रुतिका, भजन किंवा पोवाडा मुद्रित करू पाहणाऱ्या आणि खिशात मोजके पैसे असणाऱ्या कुणालाही आधी हीच नजर कमवावी लागते. भंगारातून संपूर्ण स्टुडिओ उभा राहत नाही, पण त्याचा मोठा भाग नक्की उभा राहतो. आवाजाचे संगणकाच्या आकड्यांत रूपांतर करणारा यूएसबी इंटरफेस आणि कानावर घट्ट बसणारा बंद पाठीचा वायरवाला हेडफोन, या दोन गोष्टी नव्या घ्याव्यात. स्पीकर, अॅम्प्लिफायर, प्रीअॅम्प, स्टँड, केबल, संगणक आणि खोलीचे अस्तर जुन्यातून मिळू शकते. मायक्रोफोन दोन्हीकडून मिळतो, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर सांगायला हवे.

त्याआधी काय उघडू नये ते. मायक्रोवेव्ह ओव्हनला हात लावू नये. त्यातल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो जीव घेऊ शकतो. जाड काचेच्या नळीचा जुना रंगीत टीव्ही वीस-पंचवीस हजार व्होल्टवर चालतो आणि त्याच्या काचेत शिसे असते. त्यातला स्पीकर हवा असेल तर जाणत्या टीव्ही मेकॅनिककडून काढून घ्यावा. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर तीनशेहून जास्त व्होल्ट धरून ठेवतात. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंचा तर पत्र्याचा सांगाडाच थेट विजेला जोडलेला असतो. फुगलेली लॅपटॉपची किंवा मोबाइलची बॅटरी फुकट मिळाली तरी घरात आणू नये. नवशिक्याने बॅटरीवर किंवा बारा व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करावी. स्टुडिओसाठी लागणारे बहुतेक सारे त्यांतच मिळते.

हा माल शोधण्याच्या जागा अशा: पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्या, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादे भंगाराचे दुकान किंवा बंद पडत आलेले रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान. हे शेवटचे ठिकाण सगळ्यांत मोलाचे. तिथे माल मिळतोच, पण तो माल ओळखणारा माणूसही भेटतो. बाजारात जाताना खिशात साधा मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, वायरचे दोन तुकडे आणि एक छोटा टॉर्च असावा. विक्रेता ‘चालू आहे’ म्हणतो तेव्हा तो दिवा लागतो एवढेच सांगत असतो. आवाज येतो का, हे घेणाऱ्यानेच तपासायचे.

शोधण्यासारखी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे नव्वदच्या दशकातली किंवा दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली म्युझिक सिस्टीम. सीडीची लेन्स गेली किंवा कॅसेटचा पट्टा तुटला की घरचे लोक ती काढून टाकतात. तिच्यातला अॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर मात्र अनेकदा धडधाकट असतात. मागे ऑक्स किंवा लाइन इन लिहिलेले सॉकेट असेल तर काही उघडण्याचीही गरज नाही. संगणकाचा आवाज तिथे द्यायचा, बेस वाढवणारे बटण बंद करायचे आणि इक्वलायझरच्या सगळ्या कळा मधोमध आणायच्या. मिक्सिंगसाठी ऐकण्याची व्यवस्था तयार.

सुटा स्पीकर तपासणे सोपे आहे. सेलच्या दोन वायरी त्याच्या टोकांना क्षणभर टेकवल्या की कोन ‘टक्’ करून पुढे किंवा मागे सरकला पाहिजे. आठ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण सहा-सात ओहम दाखवतो, आणि तो दोष नव्हे. दोन्ही हातांची बोटे कोनावर समान ठेवून हलकेच आत दाबावे. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झालेली आहे आणि तो स्पीकर सोडून द्यावा. कोनाभोवतीची फोमची कड हाताला लागताच चुरा होत असेल तर घाबरू नये. फोम वयाने कुजतोच. ती कड नवी बसवून देणारे कारागीर अजून मोठ्या शहरांत आहेत. अॅम्प्लिफायरच्या मागे सहा ओहम लिहिले असेल तर त्याला चार ओहमचा स्पीकर जोडू नये, तो तापून जळतो. व्हॉल्यूमची कळ फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून ती वीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवावी. तेल कधीही सोडू नये.

आता मायक्रोफोन.

१९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी पातळ पडद्याचा इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. आज तो नखाएवढ्या डबीच्या रूपात जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये, लँडलाइनच्या नव्या रिसीव्हरमध्ये, वेबकॅममध्ये आणि मोबाइलच्या हेडसेटमध्ये सापडतो. किंमत नगण्य, पण बोलण्याचा आवाज टिपण्यात ही डबी अनेकांच्या अपेक्षेपेक्षा फार चांगली असते. तिच्या मागे दोन टोके असतात. त्यांतले जे टोक बाहेरच्या धातूच्या कवचाला जोडलेले दिसते ते अर्थ. दुसऱ्या टोकाला सुमारे २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून तीन ते नऊ व्होल्ट द्यायचे आणि त्याच टोकावरून एका छोट्या कपॅसिटरमार्फत आवाज बाहेर घ्यायचा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरली तर विजेची घुरघुर शिरण्याचा प्रश्नच उरत नाही. संगणकाच्या गुलाबी माइक सॉकेटमध्ये असा हलका दाब बहुधा आधीच दिलेला असतो, त्यामुळे तिथे डबी थेटही चालते. वायर मात्र जाळीच्या वेष्टणाची, म्हणजे शील्डेडच हवी. डाग देताना सोल्डरिंग आयर्न टोकावर दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये, आतला पडदा उष्णतेने बिघडतो.

या डबीचा दोष एकच आणि तो मोठा आहे. बहुतेक डब्या चारी बाजूंचे ऐकतात. शेजारच्या कुकरची शिट्टी, छताचा पंखा, रस्त्यावरची रिक्षा, सगळे येते. म्हणून गाण्यासाठी आणि गोंगाटाच्या वस्तीत डायनॅमिक मायक्रोफोनच बरा. तो समोरचे जास्त आणि मागचे कमी ऐकतो, त्याला बॅटरी लागत नाही, आणि पडला-झडला तरी टिकतो. गणेशोत्सव मंडळांकडे, भजनी मंडळांकडे आणि मंडपवाल्यांकडे आहुजासारख्या देशी कंपन्यांचे जुने डायनॅमिक माइक पडून असतात. त्यांचे बिघाड बहुतेक वेळा केबलमध्ये, नाहीतर चालू-बंदच्या खटक्यात असतात; कॅप्सूल शाबूत असते. जाळी काढून आतला ओला, कुजलेला फोम बदलला आणि केबलला नवा डाग दिला की असा माइक पुन्हा उभा राहतो. अशा माइकला कमी लेखू नये: अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात दोन शुअर एसएम ५७ हे साधे डायनॅमिक माइक आणि टॅस्कमचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर यांवर कच्ची गाणी मुद्रित केली. नंतर ती मोठ्या स्टुडिओत बँडसह पुन्हा करून पाहिली, पण त्यात तो जीव येईना. शेवटी त्या कॅसेटवरचेच मुद्रण ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात आले.

भंगारातून मिळणारा तिसरा माइक म्हणजे चक्क स्पीकर. स्पीकर आणि डायनॅमिक मायक्रोफोन यांची रचना मुळात एकच असते: चुंबक, कॉइल आणि हलणारा पडदा. वीज दिली की पडदा हलतो, आणि पडदा हलवला की वीज निघते. १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’साठी ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी बेस गिटारसमोर माइक म्हणून मोठा स्पीकरच ठेवला होता. सहा-आठ इंची वूफर पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूसमोर किंवा ढोलासमोर वीतभर अंतरावर ठेवून त्याच्या वायरी माइकच्या इनपुटला जोडाव्यात. खालचा घुमारा त्यात असा येतो की लहान माइकला तो जमत नाही. वरचा, शाईच्या बाजूचा खणखणीत नाद मात्र दुसऱ्या माइकनेच घ्यावा लागतो.

जुन्या टेलिफोनचा रिसीव्हरही टाकू नये. कानाकडची गोल डबी माइक म्हणून वापरली की तिच्या अरुंद आवाजपट्टीमुळे फोनवर बोलल्यासारखा ध्वनी आपोआप मिळतो. श्रुतिकेत फोनचा प्रसंग असेल तर संगणकातल्या कोणत्याही फिल्टरपेक्षा हे खरे वाटते.

डायनॅमिक माइकचा आवाज फार क्षीण असतो, त्याला वाढवायला प्रीअॅम्प लागतो. इथे जुना कॅसेट डेक उपयोगी पडतो. पुढच्या बाजूला माइकची दोन मोठी भोके असलेला डेक मिळाला तर त्यात माइक लावायचा, कॅसेट घालून रेकॉर्ड आणि पॉझ ही दोन्ही बटणे दाबायची, आणि मागच्या लाइन आउटमधून आवाज संगणकाच्या इंटरफेसला द्यायचा. बहुतेक डेक या अवस्थेत आवाज वाढवून पुढे पाठवतात, शिवाय सुया किंवा दिवे पातळीही दाखवतात. पट्टे सैल झाले असले तरी बिघडत नाही, कारण कॅसेट फिरवायचीच नाही. मंडळाचा जुना मिक्सर-अॅम्प्लिफायर मिळाला तर त्याच्या मागचे लाइन आउटचे सॉकेट वापरावे. स्पीकरची टोके संगणकाला जोडण्याची चूक केली तर साउंड कार्ड त्याच क्षणी जळते. मंडपातल्या अॅम्प्लिफायरना लांब कर्ण्यांसाठी शंभर व्होल्टचेही टोक असते.

संगणकाबद्दल थोडक्यात. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप पुरतो, फक्त त्याची फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. वेग वाढतो आणि घरघर जाते. ऑडॅसिटी मोफत आहे आणि संपादनासाठी भरपूर आहे. अनेक ट्रॅकचे काम करायचे तर लिनक्सवरचे आर्डर किंवा स्टुडिओसाठीच बांधलेले उबुंटू स्टुडिओ पाहावे. काही शे रुपयांचा यूएसबी साउंड डोंगल बोलण्याच्या कामाला चालतो, पण त्यात माइकची वाट एकच असते. दोन माइकसाठी दोन डोंगल लावण्याचा मोह टाळावा. प्रत्येकाचे आतले घड्याळ किंचित वेगळे चालते आणि दहा मिनिटांत दोन ट्रॅक एकमेकांपासून सरकतात. दोन वाटांचा एकच इंटरफेस घ्यावा.

सगळे जोडल्यावर बहुतेक वेळा पहिली भेट होते ती ‘घूं’ आवाजाची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घुरघुर ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. आवाज गेला तर गुन्हेगार चार्जर. नाही गेला तर सगळी यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणावीत, माइकची केबल विजेच्या वायरीपासून दूर न्यावी, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. घुरघुर घालवण्यासाठी प्लगची तिसरी, अर्थिंगची जाड पिन कापण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो कधीही मानू नये. यंत्रात बिघाड झाला की तीच पिन माणसाला वाचवते. घरात अर्थिंग नसेल तर स्टुडिओच्या खर्चात पहिली रक्कम इलेक्ट्रिशियनसाठी ठेवावी.

खोलीवर होतो तो खर्च सर्वांत कमी, आणि फरक सर्वांत जास्त पडतो. आपल्याकडची नेहमीची दहा बाय दहाची खोली ध्वनीच्या दृष्टीने अवघड असते. दोन समांतर भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल तर सुमारे ५६ हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा, ११२ हर्ट्झचा स्वर तिथे घुमतो. लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांनी तोच स्वर फुगतो, आणि छतही दहा फुटांवर असेल तर तिसऱ्या दिशेनेही. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण याच ११२ च्या आसपास असतो. म्हणून अशा खोलीत तो ढोबळ आणि घुमल्यासारखा येतो. उपाय म्हणजे खोलीच्या अगदी मध्यावर आणि कोपऱ्यात न बसणे, आणि कोपरे जाड, मऊ वस्तूंनी भरणे.

त्यासाठी अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नयेत. पातळ पुठ्ठा आवाज शोषत नाही, आणि पेट घेतो लवकर. थर्मोकोल तर दोन्ही बाबतींत वाईट. काम करते ती जाडी. एक हजार हर्ट्झच्या स्वराच्या लहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते आणि तिच्या चौथ्या भागाएवढा, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचा मऊ थर ती चांगली शोषतो. घरातली जुनी कापसाची गादी साधारण इतक्याच जाडीची असते. अशा दोन गाद्या बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि एका बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे उभ्या कराव्यात. मागच्या पोकळीमुळे त्या आणखी खालचा स्वरही शोषतात. दोरीवर दुमडून टाकलेल्या गोधड्या, कपड्यांनी गच्च भरलेले उघडे कपाट, पुस्तकांची मांडणी, हे सारे कामाचे. स्पीकर ऐकताना एकाने खुर्चीत बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसेल तिथे गोधडी टांगावी.

एक गैरसमज इथेच दूर व्हावा. गाद्या-गोधड्या खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेले दार लागते, आणि भाड्याच्या घरात ते क्वचितच जमते. म्हणून वेळ निवडावी. पंखा आणि फ्रीज बंद करून पहाटे किंवा रात्री उशिरा केलेले मुद्रण महागड्या यंत्राने दुपारी केलेल्या मुद्रणापेक्षा सरस ठरते. फ्रीज पुन्हा सुरू करायला विसरू नये, एवढ्यासाठी घराची चावी फ्रीजवर ठेवावी.

बारीकसारीक वस्तू घरातच आहेत. अभ्यासाच्या टेबललॅम्पचा स्प्रिंगचा हात हा उत्तम माइक स्टँड. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून माइकच्या चार बोटे पुढे धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फटकारे जातात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर माइक टांगला तर टेबलावरचा धक्का त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मुद्रण करताना तोंड आणि माइक यांच्यात एक वीत अंतर ठेवावे आणि सर्वांत मोठा आवाजही पातळीच्या पट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असे बघावे. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज जोडता येत नाही. इंटरफेस २४ बिटचा असेल तर ती सेटिंग वापरावी, फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी आणि सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करावी. ऑडॅसिटीला पार्श्वभूमीचा सूं-सूं आवाज ओळखून कमी करायला हाच नमुना लागतो. तो परिणाम जपून द्यावा. जास्त झाला की माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटू लागते.

कामाचे काढून घेतल्यावर उरलेले सर्किट बोर्ड, पिक्चर ट्यूब आणि बॅटऱ्या कचरागाडीत टाकू नयेत, आणि तांब्यासाठी वायरी तर मुळीच जाळू नयेत. त्या धुरात विष असते. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. उरलेला माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा पालिकेच्या ई-कचरा संकलनात द्यावा.

मुद्रणाला तयार स्टुडिओच लागतो असे नाही. भारतातले पहिले व्यावसायिक मुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्याच्या एका हॉटेलच्या खोलीत झाले, गौहर जान यांचा आवाज तिथे तबकडीवर उतरला. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी उभ्या केलेल्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तरीही जे टिपायचे राहिले ते घराघरांत आहे आणि दरवर्षी कमी होत आहे. स्टुडिओ पूर्ण होण्याची वाट न पाहता, पहिला माइक चालू होताच, घरातल्या किंवा वाडीतल्या वयस्कर माणसासमोर तो ठेवावा. त्यांची परवानगी घ्यावी, सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावी, आणि फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.